खटला भरता येईल असं वाक्य

नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या मारियाना शहराजवळ लोहखनिजाच्या खाणीतला गाळ अडवणारं धरण फुटलं. १९ माणसं गेली आणि दोसे नदी समुद्रापर्यंत तांबड्या चिखलाने भरली. खाण सामार्को या कंपनीची होती. तिच्यात व्हाले आणि बीएचपी या दोन महाकाय खाण कंपन्यांची निम्मी-निम्मी भागीदारी. पुढे 'मारियाना पुन्हा कधीच नाही' हे व्हालेने जवळजवळ ब्रीदवाक्यच करून टाकलं. तिच्या शाश्वतता अहवालांत, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दल कंपनी जे अहवाल काढते त्यांत, धरणांच्या सुरक्षेबद्दल भरवशाची विधानं होती. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यो इथलं व्हालेचं स्वतःचं धरण फुटलं आणि २७० माणसांचा जीव गेला. त्याआधी जेमतेम काही महिने ट्यूफ झ्यूड या जर्मन तपासणी संस्थेने ते धरण स्थिर असल्याचं प्रमाणपत्र दिलेलं होतं.

या कथेचा पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने व्हालेवर खटला भरला. परदेशातलं धरण फुटलं हा त्या नियामकाच्या अखत्यारीतला विषयच नव्हता. खटला होता तो वाक्यांवर. धरणं सुरक्षित आहेत, तपासण्या कडक आहेत, असं कंपनीने शाश्वतता अहवालांत आणि गुंतवणूकदारांसमोर सांगितलं आणि ते दिशाभूल करणारं होतं, असा आरोप होता. मार्च २०२३ मध्ये कंपनीने ५ कोटी ५९ लाख डॉलर भरून तो मिटवला. २७० जिवांपुढे ही रक्कम काहीच नाही. तरीही ज्या अहवालाकडे भलेभले गुळगुळीत कागदावरची शोभेची पुस्तिका म्हणून पाहतात, त्यातल्या ओळी न्यायालयात आरोप म्हणून उभ्या राहिल्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

लोकांचा दबाव आला की कंपन्या बोलतात. मग आपण सगळे, म्हणजे वाचक, ग्राहक, पत्रकार, एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहतो: हे मनापासून आहे की दिखाऊ? हा प्रश्न सोडून द्यावा असं माझं मत आहे. कंपनीला मन नसतं. असलंच तर ते दर तीन-चार वर्षांनी, प्रमुख बदलला की बदलतं. विचारायचं ते एवढंच: हे वाक्य उद्या याच कंपनीच्या विरोधात वापरता येईल का? त्यात तारीख आहे का, आकडा आहे का, तपासणारा बाहेरचा आहे का, आणि शब्द मोडला तर दाद कुठे मागायची ते ठरलेलं आहे का? ज्या वाक्यावर खटला भरता येत नाही, ते कितीही हृदयस्पर्शी असलं तरी जाहिरातीच्या खर्चात मोजावं.

अशी निवेदनं कशी शिजतात ते पाहिलं की याचं कारण कळतं. संकट आल्यावर पहिला मसुदा जनसंपर्क विभागाचा असतो आणि त्यात थोडीफार माणुसकी असते. मग तो वकिलांच्या टेबलावर जातो. वकील वाक्यातून कर्ता काढून टाकतो, कारण कर्ता राहिला तर कबुली होते. 'आम्ही दार बंद ठेवलं' याचं 'दार बंद असल्याचं निदर्शनास आलं आहे' असं होतं. नंतर गुंतवणूकदारांशी बोलणारा विभाग त्यातून रक्कम काढतो, कारण रक्कम दिसली की बाजार ती गुणून पाहतो. शेवटी उरतं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं: घटनेबद्दल तीव्र दुःख, चौकशीला संपूर्ण सहकार्य, सुरक्षिततेला कायम सर्वोच्च प्राधान्य.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. सदोष इग्निशन स्विचच्या प्रकरणात २०१४ मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेने जनरल मोटर्सशी केलेल्या समझोत्यात कंपनीचं २००८ चं एक अंतर्गत प्रशिक्षण साहित्य उघड झालं. अभियंत्यांनी अहवालात कोणते शब्द टाळावेत याची त्यात यादीच होती. 'दोष' म्हणू नका, 'रचनेप्रमाणे काम करत नाही' म्हणा. 'समस्या' म्हणू नका, 'बाब' किंवा 'स्थिती' म्हणा. त्या स्विचमुळे झालेले १२४ मृत्यू पुढे भरपाई निधीने मान्य केले. कंपनीच्या आतल्या कागदांतही जिथे दोषाला दोष म्हणायची चोरी, तिथे बाहेर काढलेल्या पत्रकाकडून किती अपेक्षा ठेवायची?

जबाबदारी टाळण्याचे याहून गोड मार्गही आहेत. १९७१ मध्ये अमेरिकेत कचऱ्याविरुद्धची एक दूरचित्रवाणी जाहिरात फार गाजली. प्रदूषण माणसं सुरू करतात, तीच ते थांबवू शकतात, असा तिचा संदेश होता. ती काढणारी 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था १९५३ मध्ये उभी राहिली ती शीतपेयं आणि वेष्टनं बनवणाऱ्या उद्योगांच्या पुढाकाराने. ओरेगन राज्याने बाटलीवर परतीची अनामत घेण्याचा कायदा केला तो त्याच १९७१ साली. असे कायदे होऊ नयेत म्हणून तोच उद्योग झगडत होता. अपराधी ठरला रस्त्यावर डबा टाकणारा. डबा बनवणारा झाला समाजसेवक.

दानधर्माचा मार्ग त्याचाच भाऊ. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. त्यातून चांगली कामं झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा हिशेब नफा झाल्यानंतर सुरू होतो. नफा होताना नदीत काय सोडलं, ठेकेदाराच्या मजुराला काय दिलं, याच्याशी त्या २ टक्क्यांचा संबंध नाही. वार्षिक अहवालात मात्र शाळेच्या खोलीसमोर रांगेत उभ्या केलेल्या मुलांचा फोटो पहिल्या पानांवर येतो आणि सांडपाण्याचा तक्ता परिशिष्टात जातो.

दबावाने काही वेळा खरोखर काय घडतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला नाइकीचं वाटतं. १९९० च्या दशकात इंडोनेशिया, व्हिएतनाम, पाकिस्तान इथल्या कारखान्यांतल्या मजुरांच्या हालअपेष्टा बाहेर येऊ लागल्या, तेव्हा कंपनीचं पहिलं उत्तर होतं की कारखाने आमचे नाहीत, आम्ही फक्त माल घेतो. कायद्याने ते खरंही होतं. मे १९९८ मध्ये संस्थापक फिल नाइट यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर कबूल केलं की नाइकीचा माल म्हणजे गुलामीची मजुरी, सक्तीचा ओव्हरटाइम आणि मनमानी छळ असं समीकरण होऊन बसलं आहे. मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने इतकं स्पष्ट बोलणं दुर्मीळ होतं. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका कार्यकर्त्याने कंपनीला न्यायालयात खेचलं. टीकेला उत्तर देताना नाइकीने पत्रकांतून आणि पत्रांतून केलेले दावे खोटे आहेत आणि ही फसवी जाहिरात आहे, असं त्याचं म्हणणं होतं. नाइकीचा बचाव मोठा मजेशीर होता: ही जाहिरात नाही, हा सार्वजनिक वादातला आमचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. दावे खरे आहेत की नाहीत यावर निकाल व्हायच्या आधी कंपनीला हे ठरवून हवं होतं की ते खोटे असले तरी चालतील का.

२००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यापारी विधानं आहेत असा निर्णय दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतलं आणि २००३ मध्ये निकाल न देताच सोडून दिलं. शेवटी नाइकीने कामगार हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेला १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. मधल्या काळात तिने आपला जबाबदारी अहवालच काढला नाही. बोललो तर कोर्टात ओढतात, मग कशाला बोला, असा तिचा पवित्रा होता. त्या वेळी अनेक भल्या माणसांनाही वाटलं की खटल्यामुळे नुकसान झालं, बोलू लागलेली कंपनी मुकी झाली.

पण २००५ मध्ये ती पुन्हा बोलली तेव्हा तिने ७०० हून अधिक पुरवठादार कारखान्यांची नावं आणि पत्ते जाहीर केले. तोवर हा उद्योग पुरवठादारांची यादी व्यापारी गुपित म्हणून कवटाळून बसला होता. यादीत भावनेचा एक शब्द नसतो. पण पत्ता हाती आला की कामगार संघटना तिथे जाऊ शकते, पत्रकार दारात उभा राहू शकतो, आणि 'हा कारखाना आमचा पुरवठादार नाही' असं म्हणण्याची सोय संपते. नाइट यांच्या भाषणापेक्षा मला ही यादी मोठी वाटते. भाषण लोकांना हलवून गेलं. यादीने मात्र कंपनीचे हात बांधले.

हाच फरक आठ वर्षांनी फार भयंकर पद्धतीने पुन्हा समोर आला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवण्यात आली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. त्यांतल्या दोन कारखान्यांचं युरोपीय ब्रँडच्या सामाजिक मानकांनुसार ऑडिट झालेलं होतं. इमारतीचा सांगाडा तपासणं ऑडिटच्या कक्षेत येत नव्हतं, असा खुलासा नंतर आला. या खुलाशाइतकं प्रामाणिक वाक्य मी या सबंध प्रकरणात वाचलेलं नाही. ऑडिटला जे विचारलंच नव्हतं, ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या सात महिने आधी, ११ सप्टेंबर २०१२ ला, कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्यात लागलेल्या आगीत २५० हून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे रस्ते बंद होते. काहीच आठवड्यांपूर्वी या कारखान्याला कामगार कल्याणाचं एक नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं.

ऑडिटचे पैसे ज्याचं ऑडिट होतं तो किंवा त्याचं गिऱ्हाईक देतं. ब्रुमाजिन्योत हेच, कराचीत हेच. परीक्षकाची फी परीक्षार्थीच भरत असेल तर निकाल काय लागणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मानांकन देणाऱ्या संस्थांचीही कथा वेगळी नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागनला डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकाने वाहन उद्योगात अव्वल ठरवलं आणि त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांमध्ये प्रदूषण चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर असल्याचं उघड झालं. जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या होत्या. पुढच्या महिन्यात तिला निर्देशांकातून वगळलं गेलं.

राणा प्लाझानंतर ब्रँडसमोर दोन वाटा होत्या. एक होती 'अकॉर्ड'ची: मे २०१३ मध्ये जागतिक कामगार संघटनांशी केलेला कायदेशीर बंधनकारक करार. स्वतंत्र अभियंते कारखाने तपासणार, त्यांचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले राहणार, दुरुस्तीसाठी पैसा उभा राहील याची जबाबदारी ब्रँड घेणार, आणि कुणी शब्द मोडला तर संघटना लवादाकडे जाणार. दोनशेहून अधिक ब्रँडनी त्यावर सह्या केल्या, बहुतेक युरोपातल्या. वॉलमार्ट आणि गॅप यांच्यासह अनेक अमेरिकी कंपन्यांनी नकार दिला आणि आपली वेगळी 'अलायन्स' उभारली. नकाराचं मुख्य कारण उघड होतं. त्या करारामुळे अमर्याद कायदेशीर जोखीम अंगावर येईल, ही त्यांची भीती होती. अलायन्सनेही कारखाने तपासले, दुरुस्त्या करून घेतल्या, हे न्यायाने सांगायला हवं. पण तिच्या कारभारात कामगार संघटनांना बरोबरीचं स्थान नव्हतं.

ही कायदेशीर जोखीम म्हणजे नेमकं काय, ते २०१६ मध्ये कळलं. संघटनांनी दोन ब्रँडविरुद्ध हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयात दावे दाखल केले. पुरवठादार कारखान्यांची दुरुस्ती वेळेत होत नाही, पैशाची सोय केली जात नाही, अशी तक्रार होती. ब्रँडची नावं गुप्त ठेवण्यात आली. दोन्ही प्रकरणं तडजोडीत मिटली आणि त्यांतल्या एका ब्रँडने जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यातला मोठा हिस्सा कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी होता. त्या पैशातून आगीपासून वाचवणारी दारं बसतात, खांब मजबूत होतात. शोकसंदेशातून यातलं काहीच होत नाही. अकॉर्डवर सही करणाऱ्या कंपन्या स्वभावाने अधिक चांगल्या होत्या असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांतल्या काहींचा इतिहास फार वाईट आहे. फरक होता तो त्यांनी कशाखाली सही केली याचा.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. २००० च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेतल्या कोको शेतीत लहान मुलांना राबवलं जातं हे जगाला कळलं. २००१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाने चॉकलेटवर 'गुलाममुक्त' असा शिक्का लावण्याची व्यवस्था आणू पाहणारी दुरुस्ती मंजूर केली. चॉकलेट उद्योगाने जोर लावला आणि कायद्याऐवजी स्वेच्छेचा करार झाला. तो हार्किन-एंगल प्रोटोकॉल म्हणून ओळखला जातो. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत संपवू, असं वचन होतं. २००५ गेलं, २००८ ची तारीख आली. मग २०१०. मग २०२०, आणि तोवर उद्दिष्टही 'संपवू' वरून '७० टक्क्यांनी कमी करू' वर घसरलेलं. २०२० मध्ये अमेरिकी सरकारच्या निधीतून झालेल्या शिकागो विद्यापीठातल्या संस्थेच्या पाहणीत आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोको शेतीत बालमजूर म्हणून आढळली.

इथे स्वेच्छेच्या वचनाचा खरा उपयोग दिसतो. त्याने मुलं सुटली नाहीत, कायदा सुटला. वचन मोडल्याबद्दल कुणालाही दंड झाला नाही, कारण दंडाचं कलमच नव्हतं. म्हणून एखादा उद्योग एका सुरात 'आम्ही स्वतःहून पावलं उचलत आहोत' असं जाहीर करतो, तेव्हा मी त्या आठवड्यात कोणतं विधेयक चर्चेला आहे ते आधी शोधतो.

हवामान बदलाच्या बाबतीत तारखा इतक्या दूरच्या असतात की पुढे ढकलायचीही गरज पडत नाही. '२०५० पर्यंत नेट झिरो', म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढं हवेतून परत काढून बेरीज शून्य करू, असं म्हणणारा प्रमुख २०५० मध्ये निवृत्तीची वीसेक वर्षं उपभोगून झालेला असेल. जवळची तारीख दिली की काय होतं ते बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने दाखवलं. २००० मध्ये तिने सूर्यफुलासारखं हिरवं-पिवळं बोधचिन्ह घेतलं आणि आपण पेट्रोलियमच्या पलीकडे चाललो आहोत असं सांगितलं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तिच्या विहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार मेले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिलं. २०२० मध्ये तिने खरोखरच मोठं वाक्य उच्चारलं: २०३० पर्यंत तेल आणि वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी घटवू. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचे २५ टक्के झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेही उद्दिष्ट गुंडाळून कंपनीने तेल-वायूवरचा खर्च वाढवायचं जाहीर केलं. उद्दिष्ट असं बदलल्याबद्दल कुठल्याही न्यायालयात जाब द्यावा लागला नाही. तेल-वायूकडे परतण्याचा आग्रह काही भागधारकांचाच होता.

आकडा दिला तरी त्याची कुंपणं पाहावी लागतात. उत्सर्जनाचे तीन हिस्से करतात. पहिला कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यातला. दुसरा तिने विकत घेतलेल्या विजेचा. तिसऱ्यात बाकी सगळं येतं: पुरवठादारांचं आणि विकलेला माल वापरताना होणारं उत्सर्जन. तेल कंपनीच्या बाबतीत बहुतेक सगळा धूर या तिसऱ्या हिश्श्यात असतो, कारण तेल जाळण्यासाठीच विकलं जातं. 'आमच्या कामकाजातलं उत्सर्जन निम्मं करू' या वाक्यात 'कामकाजातलं' हा शब्द सगळं काम करतो. शिवाय उत्सर्जन मोजायचं एकूण की प्रति टन मालामागे, हाही खेळ आहे. प्रति टन आकडा दरवर्षी सुधारतो आणि टन वाढत गेले की हवेत जाणारा धूर वाढतच राहतो.

एवढं म्हटल्यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. प्रत्येक वाक्यावर खटल्याची टांगती तलवार ठेवली तर कंपन्या तोंड मिटून बसतील. नाइकीने तेच केलं. जून २०२४ मध्ये कॅनडाने स्पर्धा कायद्यात बदल करून पर्यावरणाबद्दलच्या दाव्यांना पुरावा द्यावा लागेल अशी तरतूद केली, तेव्हा तेलवाळूतल्या (वाळूत मिसळलेलं जड तेल काढणाऱ्या) मोठ्या कंपन्यांच्या 'पाथवेज अलायन्स' या गटाने आपल्या संकेतस्थळावरचा सगळा मजकूर काढून टाकला. या कंपन्यांच्या समर्थकांना हे अभिव्यक्तीवरचं संकट वाटलं. मला तर कायदा पहिल्याच दिवशी लागू पडल्याचं ते लक्षण वाटलं. पुरावा मागताच जो मजकूर पुसावा लागतो, तो तिथे कशासाठी होता?

तरी आक्षेपाचा गाभा उरतोच. खरं बोलण्याची किंमत बाजारही वसूल करतो. ३ डिसेंबर २००४ ला, भोपाळ वायुकांडाच्या विसाव्या स्मृतिदिनी, बीबीसीच्या जागतिक वाहिनीवर डाऊ केमिकलचा प्रवक्ता म्हणून एक माणूस आला. युनियन कार्बाइड विकत घेतलेली ही कंपनी आता भोपाळची संपूर्ण जबाबदारी घेत आहे, कार्बाइड विकून १२ अब्ज डॉलर पीडितांना देणार आहे, असं त्याने सांगितलं. तो 'यस मेन' या खोडसाळ कार्यकर्त्यांच्या जोडीतला एक होता. बातमी खोटी असल्याचं उघड होईपर्यंत फ्रँकफर्टच्या बाजारात डाऊचा शेअर घसरला. मग खऱ्या कंपनीला घाईघाईने जाहीर करावं लागलं की नाही, आम्ही असली काही जबाबदारी घेतलेली नाही. शेअर सावरला. कंपनीच्या प्रमुखाने यातून काय धडा घ्यावा?

म्हणून दोन प्रकारची मौनं वेगळी करावीत असं मला वाटतं. फुशारकीचं मौन स्वागतार्ह आहे. डब्यावरचं हिरवं पान, 'निसर्गस्नेही', 'जबाबदारीने उड्डाण करा' अशा घोषणा नसल्या तर कुणाचंही अडत नाही. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या विमान कंपनीच्या अशा अनेक जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, तेव्हा त्या विषयातलं जगाचं ज्ञान तसूभरही घटलं नाही. माहितीचं मौन मात्र चालू देता कामा नये. किती धूर, किती पाणी, किती अपघात, कोणते कारखाने, हे सांगणं कंपनीच्या मर्जीवर सोडलं तर सगळ्यात प्रामाणिक कंपनी सगळ्यात बदनाम होते, कारण तिच्याच आकड्यांवरून बातम्या होतात. २०२४ मध्ये गुगलने आपलं उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी वाढल्याचं स्वतःच सांगितलं आणि टीकेची झोड उठली. टीका रास्तच होती. पण जी कंपनी आकडाच देत नाही तिच्यावर मथळा येत नाही, ही आपल्या टीकेतली गोची आहे. आकडे सगळ्यांना सक्तीचे केले तरच ती सुटेल. युरोपीय संघाने २०२३ मध्ये तसा कायदा लागू केला आणि दोनच वर्षांत, कंपन्यांवर ओझं पडतं म्हणून, त्याचं जाळं आखडतं घ्यायला सुरुवात केली. या माघारीवर गाजलेल्या जाहिरातींच्या शतांशही चर्चा झाली नाही.

हाच नियम दबाव आणणाऱ्यांनाही लावावा. १९९५ मध्ये शेल या तेल कंपनीची ब्रेंट स्पार ही तेल साठवणारी टाकी उत्तर अटलांटिकच्या तळाशी बुडवायला ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने विरोध केला. जर्मनीत शेलच्या पंपांवर बहिष्कार पडला आणि कंपनीने २० जूनला बेत रद्द केला. टाकीत ५,५०० टन तेल उरलं असल्याचा ग्रीनपीसचा अंदाज सपशेल चुकला होता. तिने सप्टेंबरमध्ये कंपनीची जाहीर माफी मागितली. आकडा दिलेला होता, म्हणूनच तो चुकीचा ठरवता आला आणि माफी मागावी लागली. 'समुद्र वाचवा' एवढंच म्हटलं असतं तर ना चूक सापडली असती, ना माफी.

आणि दबाव नेहमी एकाच दिशेने येतो हाही भ्रम आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी सही केली की कंपनी फक्त भागधारकांसाठी नसते, ती कामगार, ग्राहक, समाज सगळ्यांसाठी असते. नंतर हार्वर्डच्या दोन अभ्यासकांनी या कंपन्यांना विचारलं की सहीआधी संचालक मंडळाची मंजुरी घेतली होती का. उत्तर देणाऱ्या ४८ पैकी ४७ ठिकाणी ती घेतलेली नव्हती. एखादा छोटा कारखाना विकत घ्यायलाही मंडळाचा ठराव लागतो. कंपनीचं प्रयोजन बदलायला लागला नाही, कारण काहीच बदलणार नव्हतं. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय अमेरिकी माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर वंशसमतेच्या घोषणांची लाट आली. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधलं वारं फिरताच मेटा, टार्गेट अशा कंपन्यांनी आपले समावेशकतेचे कार्यक्रम आवरते घेतले. ब्लॅकरॉक या महाकाय गुंतवणूक कंपनीचे प्रमुख लॅरी फिंक २०२० च्या पत्रात हवामानाची जोखीम म्हणजे गुंतवणुकीची जोखीम असं बजावत होते. २०२३ मध्ये ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार यांचे निकष) हा शब्दच वापरणं सोडल्याचं त्यांनी सांगितलं. यात दांभिकता शोधत बसण्यापेक्षा सरळ मान्य करावं: ज्याने ज्या वेळी जास्त जोर लावला, त्याच्या बाजूने ही वाक्यं झुकली. ती तशीच बनवलेली होती.

एप्रिल २०२१ मध्ये 'नेट झिरो बँकिंग अलायन्स' मोठ्या गाजावाजात सुरू झाली. जगातल्या बड्या बँका आपली कर्जं हवामानाच्या उद्दिष्टांशी जुळवून घेणार होत्या. बाहेर पडायला एक पत्र पुरत होतं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बँका एकामागोमाग एक बाहेर पडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अलायन्सने कामकाज बंद केलं. त्याच २०२१ मध्ये राणा प्लाझानंतरच्या कराराची मुदत संपत होती. ब्रँडनी आणि संघटनांनी मिळून त्याचा आंतरराष्ट्रीय करार केला, लवादाचं कलम कायम ठेवून. २०२३ पासून तो पाकिस्तानातल्या कारखान्यांनाही लागू आहे.